मंगळवार-शुक्रवारची जागा

कोकिळा गेली त्या दिवशी सोमवार होता. सकाळी तिने चहा मागितला, अर्धा कप घेतला, कप माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून बसली. मी कप विसळून परत आलो तोपर्यंत ती नव्हती. डॉक्टर आले, मुलगा ईश्वर आला, भाऊबंद आले, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपून आम्ही नेरी नाक्याच्या स्मशानातून घरी परतलोसुद्धा. घरात माणसं मावत नव्हती. चार वाजता माझ्या खिशातला फोन वाजला. डायलिसिसच्या नर्सचा, ज्योत्स्नाचा होता. ती म्हणाली, "काका, काकूंना उद्या आठऐवजी साडेसातला आणा बरं. पाण्याची टाकी धुतली आहे, लवकर सुरू करणार आहोत." मी सांगितलं की काकू सकाळीच वारल्या. तिच्या मागे मशीनची टिकटिक ऐकू येत होती आणि कोणीतरी हसत होतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्योत्स्ना, जागा मोकळी झाली ना. कोणाला तरी आत्ताच फोन कर. उद्याची फुकट जाऊ देऊ नको." खोलीतली कुजबुज थांबली. माझी वहिनी भिकुबाई डोळ्याला पदर लावून बसली होती, तिने पदर खाली घेतला आणि म्हणाली, "भाऊ, आजना दिन तरी!" मी फोन खिशात ठेवला. मला लाज वाटायला पाहिजे होती. पण मला दिसत होतं ते वेगळंच. कुठल्यातरी घरात आता फोन वाजेल. बाई हात पुसत येईल, फोन घेईल, आणि ओरडेल. त्या घरात आज आनंद होईल. इथे माझ्या घरात चूल बंद आहे आणि तिथे कोणीतरी जिलबी आणायला निघालं आहे, आणि दोन्ही एकाच गोष्टीमुळे.

जिलबी मला उगीच आठवली नाही. तीन वर्षांपूर्वी आम्हीच आणली होती. मी तेव्हा डाळ मिलमध्ये फिटर होतो, रिटायर व्हायला वर्ष बाकी होतं. कोकिळाच्या किडन्या गेल्याचं कळून पाच महिने झाले होते. ट्रस्टच्या दवाखान्यात चार मशीन, आणि यादीत तिचं नाव अकरावं. तोपर्यंत आठवड्यातून एकदाच दुसरीकडे जायचो. एकदाने भागत नाही. चौथ्या दिवसापासून पाय सुजायचे, तोंडाला चव राहायची नाही, ती माणसाशी बोलायची नाही. कोकिळा बोलायची नाही म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. त्या दिवशी मी पॉलिशच्या मशीनखाली उताणा झोपून पट्टा बसवत होतो. हमाल म्हणाला, तुमच्या घरून आल्या आहेत. बाहेर आलो तर ती डाळीच्या धुळीत उभी, हातात जिलबीचा पुडा, पाकाने कागद ओला झालेला. मिलच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "नंबर लागना!" हमालांना वाटलं नातवाचा कुठे लागला. सगळ्यांनी जिलबी खाल्ली. मी चार खाल्ल्या. तिने एक तुकडा जिभेवर ठेवला, कारण साखरेपेक्षा तिला पाण्याची भीती, गोड खाल्लं की तहान लागते. रिक्षात बसून आम्ही घरी गेलो आणि वाटेत दोघंही हसत होतो, लग्नाच्या वरातीतही इतके हसलो नसू. अकराव्या नंबरवरून पहिला कसा झाला, मधले दहा कुठे गेले, हे मी विचारलं नाही. कोणी विचारत नाही. शेवटी ज्या एकाच्या जाण्याने ती जागा झाली त्याचं नाव काय, हेही मी विचारलं नाही.

तिने विचारलं. पहिल्याच मंगळवारी. तिच्या डाव्या बाजूच्या मशीनवर दिवालीबाई होती. ही सुभाष चौकात भाजी विकायची, आता मुलगा विकतो. तिच्याकडून कोकिळाने काढून घेतलं की आधी इथे अमळनेरचे चुडामण नावाचे गृहस्थ होते, तेलाच्या घाण्यावर कामाला, विड्या ओढायचे आणि नर्सला भजनं ऐकवायचे. मला ती हे घरी येताना सांगत होती आणि मी म्हणालो, कशाला चौकशा करतेस. मला वाटलं विषय संपला. तो श्रावणात निघाला.

आमच्याकडे कानबाई बसते, खानदेशातली आमची देवी. भिकुबाई वहिनीकडे सगळे भाऊबंद जमतात. रोटासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ माणशी सव्वा मूठ मोजून घ्यायची, घरात जितकी माणसं तितक्या मुठी. काही घरांत फक्त पुरुषांच्या मोजतात, आमच्यात सगळ्यांच्या. ते दळायचं, रोट करायचे, आणि ते भाऊबंदकीतच खायचे. परक्याच्या तोंडात घास जाऊ द्यायचा नाही. आमच्या घरच्या मुठी त्या वर्षी कोकिळाने मोजल्या. वहिनी शेजारी बसून बघत होती. वहिनीची नजर म्हणजे तराजू. ती म्हणाली, "कोकिळा, मूठ चुकनी. तुम्ही पाच शेतस, सहा कश्या?"

"चुकनी नही. एक चुडामणदादानी शे."

"कोन चुडामण?"

"मना पहिले त्या मशीनवर व्हतात त्या. त्या गयात म्हनीसन माले जागा भेटनी."

वहिनीने हातातलं सूप खाली ठेवलं. "मरेल मानूसनी मूठ रोटमां? अन् तोबी परका?"

"परका कसा? रोट भाऊबंदकीमांच खातस ना? आम्हना बठ्ठास्नं रगत एकच मशीनमां फिरस. आखो कोनती भाऊबंदकी ऱ्हास?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली की ह्याने काहीतरी बोलावं. मी काय बोलणार. मला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. वहिनीने शेवटी सूप उचललं, पण त्या वर्षी ती आमच्या घराशी दिवाळीपर्यंत तुटकच होती. कोकिळाने त्यावर कडी केली. मंगळवारी डब्यात रोट घेऊन दवाखान्यात गेली आणि सगळ्यांना नखाएवढा नखाएवढा तुकडा दिला. ज्योत्स्ना ओरडली की काकू, डाळ आहे, सगळ्यांना चालत नाही. कोकिळा म्हणाली, "नखाएवढ्याने जो मरेल तो रोट न खाताही मरेल." दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम मुठी मोजल्या. पाचाच्या जागी सात होत्या. एक चुडामणची, मग सातवी कोणाची, हे मी विचारलं नाही. वहिनीनेही विचारलं नाही. तिने त्या वर्षी तोंड फिरवून मुठी मोजू दिल्या, एवढं मात्र केलं.

खोटं कशाला लिहू, ती तीन वर्षं आमच्या संसारातली सगळ्यात चांगली होती. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. चाळीस वर्षं मी मिलमध्ये आणि ती घरात, जेवताना भेटायचो. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र, पहिलं वर्ष मिलमध्ये रजा टाकून, आम्ही सकाळी सातला बाहेर पडायचो, नवरा-नवरी फिरायला निघाल्यासारखे. ती चांगली साडी नेसायची. चार तास ती आत, मी बाकावर. काचेतून दिसायची. डाव्या हातात दोन सुया, उजवा हात मोकळा, आणि त्या मोकळ्या हाताने ती सगळ्या वॉर्डाशी बोलायची. सुया असलेला हात हलला की मशीन कोकलतं, ज्योत्स्नाला धावत येऊन बटण दाबावं लागतं. कोकिळाच्या शिफ्टला मशीन सगळ्यात जास्त कोकलायची, कारण ती हसवायची. सुकलाल टेलर तिच्या उजव्या बाजूला असायचे, शांत माणूस, त्यांना ती विचारायची की मास्तर, माझ्या रक्ताला काज-बटण करून द्या, सारखं सांडतं. परत येताना आम्ही एखादा स्टॉप आधी उतरायचो. मी शेवभाजी खायचो आणि ती समोर बसून मी कसा खातो ते बघायची, आणि रश्श्याचं एक बोट चाटायची. दिवसाला तिला एक लिटर पाणी. ते ती सकाळी तांब्यात भरून ठेवायची आणि दिवसभर त्यातूनच घोट घोट. रविवारी दुपारी ती झोपली की मी तिच्या डाव्या मनगटाच्या वर हात ठेवायचो. डायलिसिससाठी तिथली शीर धमनीला जोडून घेतलेली, तिच्यात सारखी घरघर असते, पट्टा नीट बसलेल्या मशीनवर हात ठेवला तर लागते तशी. चाळीस वर्षं मी हात लावून मशीन ठीक आहे की नाही ओळखत आलो. ती घरघर लागली की मीही झोपायचो. आता दुपारी हात कुठे ठेवायचा ते कळत नाही. पण त्याचं मी इतकं सांगत बसत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला ते माहीत असतं, आणि इतरांना सांगून कळत नाही.

तेराव्यानंतर मी दवाखान्यात गेलो. उरलेल्या सुया आणि औषधं परत करायची होती. मला उत्सुकता होती, ती लपवत नाही. जागा कोणाला मिळाली, त्या घरी जिलबी आली की पेढे, हे मला बघायचं होतं. ज्योत्स्नाने मला बाकावर बसवलं, स्वतःही बसली. ती म्हणाली, "काका, कोणालाच पक्की दिलेली नाही. दोघांत अर्धी अर्धी चालू आहे." यादीत पहिलं नाव वनाबाबांचं. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, जन्मभर केळीचे घड कापले, वय सत्तरच्या आसपास. दुसरं नाव भडगावच्या नवलचं. वय सव्वीस, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, लग्नाला दोन वर्षं. यादीप्रमाणे वनाबाबांना मिळायला पाहिजे. पण मशीन ज्यांनी देणगीत दिली होती त्यांच्यापैकी एकजण म्हणाले, म्हाताऱ्याला देऊन काय उपयोग, पोराचं आयुष्य पडलं आहे. दुसरे म्हणाले, मग यादी कशाला ठेवली. म्हणून तूर्त मंगळवारी वनाबाबा, शुक्रवारी नवल. दोघांनाही आठवड्यातून एकदाच, कारण इथे आलं की दुसरीकडचं बंद होतं, आणि दोघांचेही पाय सुजलेले. मी म्हणालो की मग दोघांना थोडं थोडं जास्त, बाकीच्यांचं थोडं कमी, असं काही होत नाही का. ज्योत्स्ना म्हणाली, "काका, ही काय भरीत-पार्टी आहे का, पाहुणे वाढले की भाकरीचे तुकडे करा? अर्ध्या अर्ध्याने दोघंही जातील. डॉक्टर महिनाभरच थांबणार म्हणाले."

मी सहज विचारलं, "कोकिळाच्या वेळेला असं नाही झालं?" ज्योत्स्ना म्हणाली, "तेव्हा कोणी विचारलंच नाही हो. काकूंच्या मागे एक मुलगी होती, तीस-बत्तीसची. यादीप्रमाणे काकूंना मिळाली." मी म्हणालो, "मग त्या मुलीचं?" ज्योत्स्ना उठली. म्हणाली, "काका, ते नका विचारू." आणि आत गेली. मी बाकावर तसाच बसलो. सातवी मूठ कोणाची, ते मला तेव्हा कळलं. कोकिळाला माहीत होतं. दोन वर्षं तिला माहीत होतं, आणि तरी ती साडी नेसून हसत यायची. मला वाटायचं ती विसरण्यासाठी हसते. तसं नव्हतं. तिला दोन माणसांची जागा मिळाली होती आणि ती तिघांचं हसत होती. हे मी बरोबर लिहिलं की नाही माहीत नाही, पण मला तसं वाटलं.

ट्रस्टच्या सेक्रेटरी साहेबांनी मला आत बोलावलं. मिलमध्ये मी असले पुष्कळ साहेब पाहिले आहेत. निर्णय अवघड असला की ते कामगारांचं मत मागवतात, म्हणजे नंतर कोणी त्यांना धरत नाही. त्यांनी कागद छापून घेतले होते. प्रश्न एकच होता, मोकळी झालेली जागा कोणाला द्यावी. खाली चार चौकोन. यादीत आधी असेल त्याला. वयाने लहान असेल त्याला. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याला. चिठ्ठी टाकून. पुष्कळ पेशंटांना लिहिता येत नाही, तेव्हा कोणीतरी त्यांच्याकडून भरून घ्यायला पाहिजे. साहेब म्हणाले, "रुपचंदभाऊ, हे तुम्हीच करा. तुम्ही इथले सगळे ओळखता, आणि आता तुम्ही कोणाचेच नातेवाईक नाही." ते चांगल्या मनाने बोलले. मला त्या वाक्याने खुर्चीत बसवेना. पण मी कागद घेतले.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी वॉर्डात गेलो. पहिल्यांदाच काचेच्या आतल्या बाजूला, चपला काढून, स्टूल घेऊन. कोकिळाच्या पलंगावर वनाबाबा होते. काळे, बारीक, मुठीएवढं तोंड, डोळे मात्र मोठे. मी दिवालीबाईपासून सुरुवात केली.

"भाऊ, वाच. मी आयकस."

मी चारही वाचले.

"मी कितला वरीसनी?"

"इथे सत्तर लिहिलं आहे."

"मंग दोन नंबरवर फुली मारी तं मी मनाच पाय तोडसू ना. अन् हाई चौथं काय शे?"

"चिठ्ठी. ज्याचं नाव निघेल त्याला."

"मंग मशीनबी चिठ्ठीवरच चालू करा. निंघनं तं निंघनं. ज्योत्स्ना, आज मनी चिठ्ठी काढ व माय, माले घर जाणं शे."

सुकलाल मास्तर डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, "माझं तरुणाला लिहा, भाऊ." मी फुली मारायला गेलो. "थांबा," ते म्हणाले. "मी बासष्टचा. उद्या कोणी तरुण माझ्या उशाशी येऊन उभा राहिला, तर मी उठायचं का?"

"ऊठ ना," दिवालीबाई म्हणाली, "मी तुनी जागा धरसू."

"मग तिसरं लिहा. ज्याच्यावर घर अवलंबून. नाही, तेही नको. माझ्यावर कोणी अवलंबून नाही. उलट मीच बायकोवर अवलंबून आहे."

"मंग मशीन तिलेच लावा!"

मास्तर इतके हसले की त्यांचा हात हलला आणि मशीन कोकललं. त्यांचं थांबतंय तोवर दिवालीबाईचं सुरू झालं. ज्योत्स्ना दोन्हीकडे धावत होती आणि रागावत होती, पण तिचेही खांदे हलत होते. मी स्टुलावर बसून हसलो. कोकिळा गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि तिच्याच वॉर्डात. मला वाईट वाटायची मी वाट बघितली. वाटलं नाही.

मग मी वनाबाबांकडे वळलो. साहेबांनी सांगितलं नव्हतं की त्या दोघांना विचारा किंवा विचारू नका. दिवालीबाई म्हणाली, "त्यासले पहिले इचार. त्यासनीच पंगत शे अन् त्यासलेच इचारस नही का?" मी वनाबाबांना चारही चौकोन वाचून दाखवले. मला वाटत होतं ते म्हणतील पोराला द्या, माझं झालं जगून. म्हातारी माणसं असं म्हणतात. म्हणावं अशी आपली अपेक्षाच असते, आणि त्यांनी म्हटलं की आपण त्यांना थोर म्हणून मोकळे होतो. वनाबाबा छताकडे बघत होते.

"माले जगनं शे," ते म्हणाले.

मी पेन धरून बसलो.

"पोरं मोठा व्हयी गयात. मन्हावर कोनीच नही. काम बाकी नही. केळीमां जलम गया अन् आते केळं खावानं नही, डागदर म्हनस ते जहर शे. तरी जगनं शे. सकायले उठी घोटभर चहा लेवाना, उनमां बसानं. इतलंच. हाई लिखता येस का त्यामां?"

लिहायला जागा नव्हती. मी चौकोनांच्या खाली लिहिलं, जगायचं आहे. दिवालीबाई म्हणाली, "मनंबी तेच लिख." मास्तर म्हणाले, "माझंही." मी तिघांच्या कागदांवर लिहिलं. चौथा पलंग एका नव्या बाईंचा होता, पारोळ्याकडच्या, त्या कोणाशी बोलत नसत. त्यांनी नुसता हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा. त्यांच्याही कागदावर लिहिलं.

शुक्रवारी नवल आला. अंगाने बारीक पण चेहरा सुजलेला, त्यामुळे लठ्ठ माणसाचं तोंड दुसऱ्याला लावल्यासारखा दिसायचा. आल्याआल्या त्याने माझा फोन मागून घेतला. "काका, केवढी बारीक अक्षरं ठेवलीत? दिसतं का काही?" त्याने अक्षरं मोठी केली, रिंग मोठी केली, भलताच फोटो होता तो काढून टाकला. मग पडल्यापडल्या कागद वाचला, दोनदा. म्हणाला, "काका, मी दुसऱ्यावर फुली मारली तर म्हाताऱ्याला मारल्यासारखं होतं. पहिल्यावर मारली तर माझ्या बायकोला काय सांगू? चिठ्ठी टाकली तर दोघांपैकी एक जण देवाला शिव्या देणार." त्याने कागद माझ्या हातात परत दिला. "माझंच नाव लिहा. लाज वाटते, पण माझंच लिहा." मी त्याला वनाबाबा काय म्हणाले ते सांगितलं. त्याला ते आवडलं. "खरं बोलला म्हातारा," तो म्हणाला. "मला भीती होती तो मला जागा देऊन टाकेल. मग मी जन्मभर त्याचे पाय धरत बसलो असतो." आणि तो हसला, आणि मशीन कोकललं.

दोन आठवड्यांत छत्तीस कागद झाले. चौकोनात फुली असलेले तेराच निघाले. बाकीच्यांवर काय काय होतं. मशीन वाढवा. रात्रीची शिफ्ट सुरू करा. ज्याने हे कागद छापले त्याला एक दिवस इथे झोपवा. सगळ्यांना द्या. एकाने लिहिलं होतं, कोकिळाताई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. तो कागद मी गठ्ठ्यात ठेवला आणि पुन्हा काढून वरती ठेवला. बुधवारी बैठक झाली. पाच विश्वस्त, डॉक्टर, ज्योत्स्ना आणि मी. साहेबांनी कागद चाळले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे मोजायचं कसं?" त्यांनी विचारलं. देणगीवाले म्हणाले, लोकांना समजत नाही, तरुणाला द्यावं हे उघड आहे, बाहेर रस्त्यावर कोणालाही विचारा. हे खरं होतं. मीही मधल्या दिवसांत विचारलं होतं, कटिंगवाल्याला, ईश्वरला, शेजाऱ्यांना. रस्त्यावर सगळे तरुणाला म्हणतात. ईश्वर पटकन म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून थांबला. पलंगावर पडलेला मात्र कोणी पटकन म्हणत नाही.

"रुपचंदभाऊ, तुमचं मत?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, मी फक्त कागद भरले. ते म्हणाले, नाही, सांगा. सगळे माझ्याकडे बघत होते. मला नवल दिसत होता, त्याची मोठी केलेली अक्षरं माझ्या खिशात होती. दोन नंबर म्हणायला माझी जीभ तयारही होती. पण दोन नंबर बरोबर असेल तर मग तीन वर्षांपूर्वीही तोच बरोबर होता. मग ती तीन वर्षं आमची नव्हती. मंगळवार नव्हते, शुक्रवार नव्हते, रिक्षातलं हसणं, बोटावरचा रस्सा, काचेपलीकडचा मोकळा हात, यातलं काही नव्हतं. ते सगळं एका तीस-बत्तीसच्या मुलीचं होतं आणि आम्ही घेतलं. आणि यादी बरोबर असेल, तर ती तीन वर्षं आमची, पण मग नवल. मी न्याय बघत होतो की कोकिळाला सांभाळत होतो, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही येत नाही. माणूस स्वतःचं सुख परत देऊन टाकू शकतो का? कोकिळाने दिलं नव्हतं. तिने फक्त मुठी वाढवल्या. मी म्हणालो, "यादी." आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली. देणगीवाल्यांनी घड्याळ बघितलं. विश्वस्तांनी तसंच ठरवलं, मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही वनाबाबांना. नवलचं नाव यादीत पहिलं आलं. तोपर्यंत त्याने पूर्वीसारखं आठवड्यातून एकदा दुसरीकडे जायचं.

बाहेर व्हरांड्यात ज्योत्स्नाने वनाबाबांना फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला. ज्योत्स्ना दोनच वाक्यं बोलली आणि पलीकडून इतका मोठा ओरडा आला की तिने फोन कानापासून लांब धरला. तो ओरडा मीही ऐकला. मग कोणीतरी लांबून हाका मारत होतं, कुत्रा भुंकत होता, आणि सून कोणाला तरी सांगत होती, नंबर लागना, नंबर लागना. मी आनंदाने हसलो. तो आनंद खोटा नव्हता. मी तो पुरता होऊ दिला.

साहेब म्हणाले, नवलला ऑफिसातून कळवू. मी म्हणालो, फोनवर नको, मी भडगावला जाऊन सांगतो, आणि मी कोणाच्या बाजूने बोललो तेही सांगतो. ते म्हणाले, बरं होईल. हे काल झालं. आज गुरुवार. आज सकाळपासून भडगावच्या तीन गाड्या गेल्या, आणि मी तिन्ही वेळा घरीच होतो. उद्या शुक्रवार आहे, आणि नवल सकाळी पहिल्या गाडीने निघेल. त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.